एचआयव्ही असताना कॅन्सर निघाला, तर माणूस वाचतो का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की वहिनींना एचआयव्ही आहे, त्यात मानेतली गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची निघाली, तर आता नागपूरला आणून उपयोग आहे का. आहे. लवकर आणा.

माझ्या धाकट्या भावाचं हेच झालं. गळ्याशी बोराएवढी गाठ होती. एचआयव्ही म्हटल्यावर टीबीच असणार, असं धरून एका दवाखान्यानं टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. पाच महिन्यांत बोराचं लिंबू झालं. रात्री बनियन पिळावं इतका घाम यायचा, शर्टाचं वरचं बटण लागेना. ताप, घाम, वजन उतरणं टीबीतही असतंच, म्हणून कोणाला शंका आली नाही. गाठ काढून तिचा तुकडा तपासला, म्हणजे बायोप्सी केली, तेव्हा खरा रोग कळला. ते वाया गेलेले महिने मला अजून झोपू देत नाहीत. तुमचा तो वेळ वाचलाय, आता घालवू नका.

नातेवाईक म्हणतील, ‘एचआयव्हीवाल्याला केमो झेपत नाही.’ ऐकू नका. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या, नीट चालू असेल तर पूर्ण केमो देता येतो, आणि लिम्फोमाचे काही प्रकार एचआयव्ही असतानाही बरे होतात. रोग किती पसरलाय, सीडी४ (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी) किती आहे, यावर बरंच ठरतं. भावाला दर २१ दिवसांनी एक, असे सहा डोस लागले. आज चौथं वर्ष आहे, तो ऑटो चालवतो.

केमोच्या उलट्यांनी कंटाळून माणूस आधी एआरटीच्या गोळ्या सोडतो. तिथंच घात होतो. वहिनींच्या गोळ्या तुम्ही स्वतः मोजा. एआरटीचं कार्ड कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा, केमोचा कागद एआरटी सेंटरला. एआरटीतली झिडोव्हुडिन नावाची गोळी चालू असेल तर मुद्दाम सांगा, तिनं रक्त कमी होतं आणि केमोनंही होतं.

एआरटी इथल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, फुकट मिळते. केमोचा खर्च महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत बसतो का ते आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपरमध्ये तिकीट माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सूट. एचआयव्ही आहे म्हणून कोणी उपचार नाकारले तर २०१७ चा कायदा तुमच्या बाजूनं आहे. १०९७ या एड्सच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, तो फुकट आहे.

आणि जिथं बायोप्सी झाली तिथून नुसता रिपोर्ट आणू नका. स्लाइड (काचेवरचे नमुने) आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. इथले डॉक्टर त्या पुन्हा तपासतात, आणि त्या नसल्या की परत एक खेप पडते.