पनीरचं पाणी, तळणीचं तेल आणि गुऱ्हाळाचं जळण

छोट्या खाद्यउद्योगांचं सांडपाणी, धूर, कचरा यांबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. ऐकीव सल्ल्यावर लोक पैसे घालून बसतात, म्हणून नेहमीचे काही प्रश्न पुन्हा एकदा घेते आहे.

तळणीचं तेल तीनदा वापरलं की टाकायचं, असा नियम आहे ना? (फरसाण उत्पादक, पुणे)

नाही. तेलातले पोलर घटक, म्हणजे तेल तापून तापून खराब होताना बनणारे पदार्थ, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल बाद. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ही मर्यादा 1 जुलै 2018 पासून लागू आहे. मोजायला हातात धरायचं मीटर मिळतं. बाद झालेलं तेल मोरीत ओतू नका आणि वडापावच्या गाडीवाल्याला तर मुळीच विकू नका. ते बायोडिझेलसाठी अधिकृत संकलकाला द्या. संकलक खरोखर अधिकृत आहे का, हे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्या.

पुरवठादार म्हणतो, पिशव्या ‘बायोडिग्रेडेबल’ आहेत, काळजी नको. घेऊ का?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय घेऊ नका. पिशवीवर हिरवं पान कुणीही छापतं.

मॅडम, रोज 300 लिटर दुधाचं पनीर करतो. पाणी मागच्या ओढ्यात जातं. दुधाचंच पाणी आहे, केमिकल नाही. तरी लोक तक्रार करतात. एक जण जिवाणूंची पावडर देतो म्हणतो. टाकू का? (सांगली जिल्हा)

‘केमिकल नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं आहे की आता सविस्तरच लिहिते. पनीर गाळल्यावर दुधातली जवळजवळ सगळी साखर त्या पाण्यात उतरते. ओढ्यातले जिवाणू ती खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. पनीरच्या एका लिटर पाण्याला साधारण 30 ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्राणवायू लागतो. ओढ्याच्या एका लिटर पाण्यात तो असतो जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम. म्हणजे तुमचं एक लिटर पाणी ओढ्याच्या चार हजार लिटरमधला प्राणवायू गिळतं, आणि तुम्ही रोज अडीचशे लिटरच्या आसपास सोडता! दीडशे माणसांच्या रोजच्या सांडपाण्याएवढा हा भार आहे. मासे मरतात, पाणी काळं पडतं, वास सुटतो. तक्रार करणाऱ्यांचं काहीच चुकत नाही.

पावडरीवर एक रुपया घालू नका. जिवाणू त्या पाण्यात आपोआप वाढतात. त्यांना हवी असते टाकी, हवा आणि वेळ, आणि ते पुडीतून मिळत नाही. शोषखड्ड्यात सोडायचा सल्लाही कुणी देईल. मग तेच पाणी शेजारच्या विहिरीत उतरेल.

उद्यापासून एवढं करा: पनीरचं पाणी फरशी धुतलेल्या पाण्यात मिसळू देऊ नका, वेगळ्या पिंपात धरा. भांडी धुण्याआधी तळाचं दूध निथळून घ्या, कारण दुधाचा भार पनीरच्या पाण्याच्याही दुप्पट-तिप्पट असतो. धरलेलं पाणी ताजं असेपर्यंत जनावरांना थोडं थोडं देता येतं, पण किती द्यायचं ते पशुवैद्यकाला विचारूनच. शेणाचा बायोगॅस असेल तर त्यातही चालतं. मात्र एकदम ओतलंत तर संयंत्र आंबून गॅस बंद पडेल. उरलेल्या पाण्यासाठी प्रक्रिया संयंत्र लागेलच. त्याची क्षमता पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून पर्यावरण अभियंत्याकडून ठरवून घ्या. शेजारच्या डेअरीचा नकाशा उचलून बांधू नका.

उसाचं चिपाड ओलं असलं की चुलवाण पेटत नाही. जुने टायर टाकले तर चालतील? (गुऱ्हाळमालक, कोल्हापूर)

नाही. टायरच्या धुरात गंधकाचे वायू आणि काजळी असते. रस आटवायची काहील उघडी असते, काजळी रसात पडते आणि धूर आधी गूळ करणाऱ्या गुळव्याच्या छातीत जातो. प्लास्टिकचंही तेच. चिपाड पसरून नीट वाळवा आणि पावसासाठी शेडखाली साठा ठेवा. एवढं करूनही जळण पुरत नसेल तर चुलवाणाच्या रचनेत दोष आहे, तो जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा.

आंब्याच्या पल्पचं युनिट बांधून झालं. आता प्रदूषण मंडळाची संमती कशी घ्यायची? (रत्नागिरी)

उभारणीची संमती बांधकामाआधी घ्यायची असते, उत्पादन सुरू करण्याआधी चालवण्याची वेगळी. नोटीस येईपर्यंत थांबू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रत्नागिरी कार्यालयात या आठवड्यात कागदपत्रं घेऊन जा, आणि संमती मिळेपर्यंत हंगामाचा एकही क्रेट आत घेऊ नका.