मेमधले पाणी मोजा, मग रोप आणा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की बागेविषयीची पत्रे वाढतात. झाड कोणते लावू, हाच बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. खान्देशात त्याआधी एक हिशोब करावा लागतो: मे महिन्यात, पारा 44-45 अंशांवर असताना, घरातून किती बादल्या पाणी निघेल? जूनच्या पावसावर कोणतेही रोप तगते. टिकते तेच, ज्याला मेमध्ये पाणी मिळते किंवा ज्याला मेमध्ये ते फारसे लागतच नाही.

प्रश्न (चोपडा) : घरामागे 30 बाय 40 फूट जागा आहे. माती भारी काळी आहे आणि नळाला तीन दिवसांनी एकदा पाणी येते. आंबा, लिंबू, पेरू, सीताफळ, बोर, आवळा असे सगळे लावायचे आहे. जमेल का?

जागा सहा झाडांची आहे. तीन-तीन झाडांच्या दोन ओळी धरा. ओळींत 15 फूट आणि झाडांत 13 फूट अंतर ठेवले तर कुंपणाकडे सात-साडेसात फूट उरतात. शेतातल्या अंतरापेक्षा हे कमी आहे, म्हणून दरवर्षी छाटणी करून झाडे दहा-बारा फुटांत ठेवावी लागतील. याहून दाट लावू नका.

आता पाणी. बारा-तेरा फूट पसरलेल्या लिंबाला मेमध्ये दिवसाला साठ-सत्तर लिटर लागते, म्हणजे तीन दिवसांचा एक ड्रम एकट्या लिंबाचा. म्हणून लिंबू एकच लावा, दोन नकोत. बोर आणि सीताफळ ही दोन झाडे मात्र याच मुलखासाठी घडल्यासारखी आहेत. बोर उन्हाळ्यात विश्रांती घेते. सीताफळ पाने गाळून बसते आणि पावसावर फळ देते. एक बोर, दोन सीताफळे, एक पेरू, एक लिंबू आणि एक केसर आंबा अशी सहा झाडे आम्ही सुचवू. आवळा वगळला, कारण एकटे झाड फुलते पण फळ जवळपास धरत नाही. कृष्णा आणि एन.ए.-7 अशी दोन वेगळी वाणे शेजारी लागतात, आणि तेवढी जागा तुमच्याकडे नाही.

आंबा उत्तरेच्या ओळीत लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, तेव्हा त्याची सावली इतरांवर पडणार नाही. बोर काटेरी असल्याने वावर नसलेल्या कोपऱ्यात हवे. पश्चिमेच्या कुंपणाला शेवरीची दाट ओळ टाका. केळीच्या बागांभोवती गरम वारा अडवायला लावतात तीच ही शेवरी. रोपांना पहिली दोन वर्षे तिचा खरा आधार असतो.

वाणे : पेरू सरदार (एल-49), सीताफळ बाळानगर, बोर उमराण, लिंबू साई शरबती किंवा फुले शरबती.

खड्डे आखाजीपर्यंत खोदून होऊ द्या, दोन-दोन फूट लांब, रुंद आणि खोल. वरची एक फूट माती वेगळी ठेवा आणि खड्डा महिनाभर उन्हात तापू द्या. भरण्याआधी एक चाचणी जरूर घ्या. खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसले, तर तिथला खड्डा पावसाळ्यात हौद होणार आणि मुळे कुजणार हे नक्की. अशा ठिकाणी रोप फूटभर उंच वरंब्यावर लावा. काही जण काळ्या मातीतल्या खड्ड्यात नुसता मुरूम भरतात. त्याने उलट होते, भोवतालचे पाणी झिरपून त्याच खड्ड्यात जमते. वरची मातीच परत घाला. तिच्यात दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. शेणखत कच्चे असेल तर वाळवी लागते. माती नंतर खाली बसते, म्हणून भर जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा.

लागवड पहिल्याच सरीला नको. दोन-तीन चांगले पाऊस होऊन खोलवर ओल गेली आणि वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसलेली झाली, की करा. कलमाचा जोड मातीपासून वीतभर वर राहिला पाहिजे, आणि जोडावरची प्लॅस्टिक पट्टी दोन महिन्यांनी कापून काढा. ती राहिली तर खोड तिथेच आवळते आणि वाऱ्यात मोडते. जोडाखालचे फुटवे दिसले की लगेच खुडा. बोराचा खुंट, म्हणजे कलमाचा जोडाखालचा भाग, जंगली बोराचा असतो. फुटवा वाढू दिला तर दोन वर्षांनी उमराण वाळलेले आणि रानबोर तरारलेले दिसेल.

पहिल्या उन्हाळ्यासाठी प्रत्येक रोपाशेजारी फूटभर अंतरावर दहा लिटरचा, रंग न दिलेला मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरा. नळाच्या दिवशी तो भरा, वर झाकण ठेवा आणि आळ्यात आणखी पाच लिटर टाका. सहा रोपांचे तीन दिवसांना नव्वद लिटर होतात, तुमच्या नळावर ते सहज निभते. भारी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेतल्या बारीक मुळ्या तुटतात. त्यासाठी आळ्यात चार बोटे जाडीचे आच्छादन हवे. गव्हाचे काड, भुईमुगाची टरफले किंवा केळीची वाळकी पाने, जे मिळेल ते चालेल. खोडापासून ते चार बोटे लांब ठेवा.

न्हाणीघराचे पाणी लिंबाला देऊ नका. आपल्या जमिनी आधीच चुनखडीच्या असतात. साबणाच्या पाण्याने पाने आणखी पिवळी पडतात. ते पाणी केळीच्या दोन खुंटांकडे वळवा.

सीताफळाबद्दल एक सूचना. फुले भरपूर आणि फळे मोजकी, अशी तक्रार पुढे येईल. त्या फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतात आणि पराग नंतर सुटतात. संध्याकाळी पूर्ण उमललेल्या फुलांचे पराग कागदावर झटकून घ्या आणि सकाळी अर्धवट उमललेल्या फुलांत मऊ कुंचल्याने लावा. दोनच झाडे असतील तर हे काम दहा मिनिटांचे आहे.

प्रश्न (पाचोरा) : सहा वर्षांचे कागदी लिंबू आहे. पाला भरपूर, फळे दहा-वीसच. पाणी तोडून पाहिले, तरी फुले आली नाहीत.

ताण, म्हणजे फुले यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडणे, बसलाच नसावा. शेजारी गळका नळ किंवा मोरी असेल तर आळे कोरडे दिसते, पण मुळे पीतच राहतात. आधी ती गळती शोधा. बहार म्हणजे फुलांचा हंगाम. उन्हाळ्यात भाव खाणारी लिंबे हस्त बहाराची, म्हणजे पावसाळा संपताना आलेल्या फुलांची असतात. पण त्यासाठी ऐन पावसाळ्याच्या शेवटी ताण द्यावा लागतो, आणि घरच्या झाडाला तो जमत नाही. तुम्ही आंबे बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुले, धरा.

डिसेंबरच्या सुरुवातीला पाणी बंद करा. भारी जमिनीत तीस ते पंचेचाळीस दिवस लागतात, हलक्या जमिनीत तीन आठवडे पुरतात. पाने मलूल होऊन पाव हिस्सा गळाली की थांबा. त्यापुढे ताणले तर फांद्या वाळतात. मग आळ्यातली माती वरवर चाळा आणि दोन-तीन घमेली शेणखत द्या. पहिले पाणी हलके, चार दिवसांनी दुसरे जरा जास्त आणि त्यानंतर नेहमीचे. पहिल्याच दिवशी आळे तुडुंब भरले तर कळी गळते आणि पालवी फुटते. बहुतेक घरी चूक इथेच होते. फळे जून-जुलैत मिळतील.

युरिया या वर्षी निम्माच, सहाशे ग्रॅम द्या. निम्मा बहाराच्या वेळी आणि निम्मा दीड महिन्याने. पाला आधीच माजलेला आहे. सरळसोट वर जाणारे जाड काटेरी पाणसोट मुळापासून काढा.

आळे दुहेरी करा. आतली बांगडी खोडाभोवती कोरडी राहील आणि पाणी बाहेरच्या बांगडीत जाईल. बुंध्याला पाणी लागले की डिंक्या होतो. डिंक दिसत असेल तर सुरीने साल तिथे खरवडून बोर्डो मलम लावा. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवा. दोन्ही प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र ओता. लोखंडी भांडे नको. घासलेला खिळा त्यात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला. मलम त्याच दिवशी संपवायचे.

प्रश्न (धुळे) : बदाम, अक्रोड लावता येतील का? नाहीतर सुक्या मेव्यातले दुसरे काय?

दोन्ही नाहीत. बदामाच्या कळ्या उठायला हिवाळ्यात सात अंशांखालचे शेकडो तास लागतात. धुळ्यात एखाद्या रात्री पारा तेवढा उतरतो, पण दुपारी पुन्हा तीस अंशांकडे जातो. रोप वाढेल, फळणार नाही. काजूला निचऱ्याची जमीन आणि जास्त पाऊस हवा, तो नवापूरकडे चालतो. तरीही काजूबी घरी भाजताना सांभाळा, टरफलातल्या तेलाने कातडी सोलवटते. चारोळी सातपुड्यातली, म्हणजे आपलीच. मात्र ती फार सावकाश वाढते. लावायचीच तर ताजे बी टणक कवच हलकेच फोडून उंच पिशवीत जूनमध्ये टाका.

खरा भरवशाचा मेवा भुईमूगच. जे.एल.-24 म्हणजे फुले प्रगती हे वाण जळगावच्याच तेलबिया संशोधन केंद्राचे, नव्वद-पंचाण्णव दिवसांत तयार होणारे. दहा बाय दहा फुटांच्या गादीवाफ्याला साधारण दीडशे ग्रॅम दाणे लागतात. शेंगा पेरणीच्या आदल्या दिवशी फोडा, आधी फोडलेले दाणे नीट उगवत नाहीत. अंतर एक फूट बाय चार इंच, खोली दोन इंच. काळ्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळून ती भुसभुशीत करा, नाहीतर आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरणारे देठ, ज्यांना शेंगा धरतात) शिरत नाहीत आणि उपटताना शेंगा मातीतच राहतात. साडेचारशे ग्रॅम जिप्समपैकी निम्मे पेरताना आणि निम्मे पस्तीस-चाळीस दिवसांनी द्या. शेंगा पोचट राहण्याचे एक कारण ते न देणे हे असते. आऱ्या सुटल्यावर खुरपे लावू नका.

प्रश्न (शहादा) : पपईला लांब देठांवर फुलांचे झुबकेच येतात, फळ नाही.

ते नर झाड आहे, काढून टाका. बाजारातल्या पपईचे बी लावले की असे होऊ शकते. तैवान 786 ची रोपे रोपवाटिकेतून आणा, त्यात नर झाडे निघत नाहीत.