नागपुरात संत्रा बर्फीचं दुकान आहे. वेबसाइट पूर्ण नारिंगी ठेवावी का?

पूर्ण नको. संत्रा बर्फीला नारिंगी शोभतो, रंग पाहताच फळ आठवतं. पण नागपुरात तो शेजारच्या पाटीवरही असतोच, त्यामुळे वेगळेपण एकट्या रंगातून येणार नाही. पार्श्वभूमी मलईसारखी पांढरट, अक्षरं गडद तपकिरी आणि नारिंगी फक्त 'ऑर्डर करा' बटणाला. चूक होते ती इथेच: बटणावर पांढरी अक्षरं. आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण) २५५, १४०, ० या नारिंगी छटेवर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, जेमतेम २.३:१ भरतो, डब्ल्यूसीएजी या, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीनुसार साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो. काळी अक्षरं घ्या, ९:१ मिळतो. 'लाल म्हणजे भूक, निळा म्हणजे विश्वास' हे तक्ते फार मनावर घेऊ नका. आणि हो, पान मोबाइलवर उघडून सीताबर्डीच्या भर उन्हात वाचून बघा.