परदेशी विमान बेपत्ता झालं तर आपलं सरकार काय करतं?

प्रश्न : मलेशियाचं एमएच ३७० हे प्रवासी विमान २०१४ मध्ये गायब झालं त्यात ५ भारतीय होते, काही आपल्या महाराष्ट्रातले. पण बातम्यांमध्ये सगळीकडे मलेशिया, चीन, ऑस्ट्रेलियाच. आपलं सरकार गप्प का होतं? मुलगी परदेशी विमानानं येऊन-जाऊन असते म्हणून विचारतेय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, अगदी गप्प नव्हतं हो. नेव्ही, कोस्ट गार्ड, एअरफोर्स सगळ्यांनी अंदमानच्या आसपास शोध घेतला, समुद्रावर टेहळणी करणारी पी-८आय विमानंपण पाठवली. पण तपास आपल्या हातात नसतो. विमान कुठल्याच देशाच्या हद्दीत सापडलं नाही तर विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारानुसार ते जिथं रजिस्टर असतं तोच देश तपास करतो, म्हणजे इथं मलेशिया. ज्यांची माणसं गेली त्या देशाला एक एक्स्पर्ट नेमता येतो, जाहीर करायला मंजूर झालेली माहिती आणि फायनल रिपोर्ट मिळतो, बास.

म्हणून मला खरा राग मलेशियाचा येतो. ८ मार्च २०१४, रात्री १.२१ ला विमान नेहमीच्या नागरी रडारवरून नाहीसं झालं, साडेसहाला बीजिंगला उतरायचं होतं आणि विमान कंपनीनं ते बेपत्ता असल्याचं जाहीर केलं सकाळी ७.२४ ला. मिलिटरी रडारवर ते मागे फिरून पश्चिमेला गेल्याचं दिसलेलं, तरी दक्षिण चीन समुद्रातला शोध १५ तारखेपर्यंत चालूच! मग २४ तारखेला विमान हिंदी महासागरात संपलं, कुणी वाचलं नाही, हे काही नातेवाइकांना चक्क इंग्रजी एसएमएसनं कळवलं. घरचं माणूस गेल्याचं असं सांगतात का?

आपल्या सरकारचं खरं काम इथं असतं, घरच्यांच्या बाजूनं उभं राहून रोज माहिती मागायची आणि ती त्यांना त्यांच्या भाषेत नीट सांगायची. आणि कागद! बॉडी नाही म्हणजे डेथ सर्टिफिकेट नाही, आपल्याकडे साधारण ७ वर्षं काहीच पत्ता नसेल तेव्हा कोर्ट माणूस मृत धरतं, तोवर विमा, बँक, फ्लॅट सगळं लटकतं, होम लोनचा हप्ता मात्र थांबत नाही. मलेशियानं २९ जानेवारी २०१५ ला अपघात जाहीर करून सगळ्यांना मृत मानलं तेव्हा नातेवाईक भयंकर चिडले, बरोबरच होतं, तोवर विमानाचा एक तुकडासुद्धा मिळाला नव्हता, पहिला तुकडा जुलैमध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सापडला. पण भरपाईची वाट त्या घोषणेनंच मोकळी झाली.

प्रश्न : मग घरच्यांनी स्वतः काय करायचं?

उत्तर : पासपोर्ट आणि तिकिटाचे फोटो घरी ठेवा. दूतावासाशी फोनवर बोललात तरी तक्रार परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर लेखी टाका, नंबर मिळतो, पाठपुरावा करता येतो. आणि हे नक्की लक्षात ठेवा, विमान प्रवाशांच्या भरपाईचा जो आंतरराष्ट्रीय माँट्रियल करार आहे त्यात दाव्याला फक्त २ वर्षं मिळतात, विमान पोचायला हवं होतं त्या दिवसापासून, मग ते सापडो न सापडो. एमएच ३७० च्या कितीतरी घरांनी मार्च २०१६ च्या तोंडावर घाईघाईनं केसेस टाकल्या त्या यामुळेच. कंपनी सुरुवातीला थोडे पैसे देते ते घ्यायला हरकत नाही, पण 'पुढे काही मागणार नाही' अशा कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.