ट्रेडर राहतात कुठे, असं विचारलंस म्हणून

बाळा,

तुझा मेसेज वाचला, पण हा विषय व्हॉट्सॲपवर दोन ओळीत उरकण्यासारखा नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. हिंजवडीतली नोकरी सोडायची, गोव्यात एखादा फ्लॅट भाड्यानं घ्यायचा नाहीतर सरळ मुंबई गाठायची आणि फुलटाइम ट्रेडिंग करायचं, असं तुझ्या डोक्यात चाललंय. आणि विचारतोयस की जे लोक खरंच यावर घर चालवतात ते राहतात कुठे, सुरुवात कशी केली त्यांनी.

राहतात कुठेही. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, सप्टेंबर 2024 मध्ये एफ अँड ओ वर, म्हणजे फ्युचर-ऑप्शनच्या पुढच्या तारखेच्या करारांवर, जो रिपोर्ट काढला त्यात साधे वैयक्तिक ट्रेडर 70 टक्क्यांपेक्षा जास्त तर देशातल्या पहिल्या 30 शहरांच्या बाहेरचे निघाले, म्हणजे आपल्या सांगली-इचलकरंजीसारख्या गावांतलेच. पण त्याच रिपोर्टमधला दुसरा आकडा पण वाच, तीन वर्षांत 93 टक्के लोकांचा तोटा, आणि खर्च वजा जाता एक लाखाच्या वर नफा काढणारे जेमतेम 1 टक्का. म्हणून मी तुला त्या थोड्या लोकांबद्दलच सांगतो, बाकीच्यांचा पत्ता घेऊन काय करायचंय.

पूर्वी या धंद्यात जागेला फार किंमत होती. दलाल स्ट्रीटच्या रिंगमध्ये उभं राहून ओरडून सौदे व्हायचे, तिथले जॉबर, म्हणजे स्वतःसाठी झटपट घेऊन विकणारे, दिवसभर पाच-दहा पैशाच्या फरकावर कमवायचे, आणि गावाकडच्या माणसाला भाव कळायचा तो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. 1994 ला एनएसईनं स्क्रीनवर शेअरचे सौदे सुरू केले, 1995 ला बीएसईची बोल्ट नावाची तशीच सोय आली, आणि मग जिल्ह्याच्या गावात सबब्रोकरच्या, म्हणजे मोठ्या ब्रोकरच्या हाताखालच्या दलालाच्या, गच्चीवर उपग्रहानं एक्सचेंजला जोडणारी व्हीसॅटची डिश दिसायला लागली. रिंगमधले काही जॉबर कीबोर्डवर बसायला शिकले, बरेच बाहेर पडले.

आता माझ्या माहितीतले जे टिकलेत त्यांची सुरुवात बघ. सगळ्यात पक्के तयार झाले ते सबब्रोकरच्या ऑफिसातले टर्मिनल ऑपरेटर. बीकॉम झालेली पोरं, एनएसईची एनसीएफएम परीक्षा पास होऊन बारक्या पगारावर लागलेली. सव्वानऊच्या आत फोन सुरू, एका कानाला एक क्लायंट, समोर खुर्चीत दुसरा, "एक लॉट मार" (लॉट म्हणजे सौद्याचा ठरलेला गठ्ठा), "कट कर", "ॲव्हरेज कर" (भाव पडला की आणखी घे), आणि हा दिवसभर दुसऱ्याच्या ऑर्डरी पंच करतोय. साडेतीनला मार्केट बंद झालं की डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर सगळ्यांची बिलं काढायची. तेव्हा त्याला दिसायचं की कोण स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला ठरवलेला भाव, सारखा खाली सरकवतो, कोण बुडाल्यावर दुप्पट लॉट घेतो, आणि कोण महिन्यातनं चारच सौदे करतो पण बिल जमेचं असतं. स्वतःचा रुपया लावायच्या आधी वर्षानुवर्षं शेकडो लोकांचे हिशोब हाताखालून गेलेले, असलं शिक्षण कुठल्या कोर्समध्ये मिळणारे सांग!

दुसरे आपल्याकडचे हळदवाले. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात, माल साठवणाऱ्या घरातली माणसं, आवक किती, पाऊस कुठे झाला, निजामाबादला भाव काय हे त्यांच्या जेवणाच्या ताटावरचे विषय, त्यामुळे हळदीचं फ्युचर आलं तेव्हा त्यांना ते नवीन वाटलंच नाही. एखाद्या जागी राहण्याचा फायदा असलाच तर तो असा असतो.

तिसरे तुझ्यासारखे आयटीवाले, नोकरीत असतानाच कोडिंग करून सौद्यांची सिस्टीम जुन्या भावांवर तपासत बसलेले. आणि मग 2020 च्या लॉकडाऊनची लाट आली, मार्च 2020 ला चार कोटीच्या आसपास असलेली डीमॅट खाती ऑगस्ट 2022 पर्यंत दहा कोटींच्या वर गेली, त्यातले किती आज स्क्रीनसमोर आहेत हे तुझ्याच मित्रांत बघ.

मुंबईला जाऊन वेग मिळेल असं वाटत असेल तर ते डोक्यातनं काढ. मोठ्या फर्मचे सर्व्हर एक्सचेंजच्या आवारातच बसवलेले असतात, तू बीकेसीत एनएसईच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहिलास तरी त्यांच्या मागेच. 2023-24 मध्ये प्रोप्रायटरी ट्रेडर, म्हणजे स्वतःच्या पैशानं खेळणाऱ्या फर्म, आणि परदेशी फंडांनी एफ अँड ओ मध्ये कमावलेल्या नफ्यातला 95 टक्क्यांहून जास्त वाटा अल्गोचा, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं आपोआप केलेल्या सौद्यांचा, होता. दुबईच्या रील्स पण बघतोस म्हणालास. एनआरआय झालास की शेअरमध्ये इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, करता येत नाही, आणि इथल्या शेअरच्या नफ्यावर टॅक्स इथलाच.

जागेचा खरा संबंध येतो तो खर्चाशी. जे टिकले ते बहुतेक घरच्या घरात राहत होते, भाडं नाही, बायकोची नोकरी किंवा घरचं दुकान चालू, म्हणून दोन महिने काहीच मिळालं नाही तरी हात थरथरला नाही. पणजीत 30 हजार भाडं भरणाऱ्याला महिनाअखेरीला सौदा दिसतोच, नसला तरी दिसतो, आणि मी याच एका कारणानं चांगली हुशार पोरं संपलेली पाहिलीत.

खर्च म्हटलं की कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरचं सौद्याचं बिल, पण आली. समज ऑप्शनचा 75 चा लॉट 100 ला घेतला, 102 ला विकला, स्क्रीनवर 150 हिरवे दिसतात. जाता-येता 20-20 ब्रोकरेज, त्यावर 18 टक्के जीएसटी, एसटीटी म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, एक्सचेंजचा चार्ज, स्टॅम्प ड्युटी, सगळं धरून 60 च्या आसपास गेले. दिवसाला असे दहा सौदे करणारा कोणासाठी राबतोय ते तूच बघ.

तेव्हा नोकरी सोडू नको. ऑफिसच्या वेळेत स्क्रीन बघणं होत नसेल तर पोझिशनल कर, म्हणजे काही दिवस धरून ठेवायचे सौदे, रात्री चार्ट बघून सकाळी ऑर्डर लाव. रात्री जागायची तयारी असेल तर एमसीएक्स, म्हणजे सोनं-चांदी-क्रूडचा वायदेबाजार, साडेअकरापर्यंत तरी चालू असतं. सेबीच्या एनआयएसएम संस्थेचं डेरिव्हेटिव्हचं (फ्युचर-ऑप्शनचं) वर्कबुक फुकट मिळतं, ते आधी संपव. आयटीआर-3, म्हणजे धंद्याच्या उत्पन्नाचा टॅक्स रिटर्न, वेळेत भर, तोटा असला तरी भर, एफ अँड ओ चा बिझनेस तोटा पगारातनं वजा होत नाही पण वेळेत भरलास तर आठ वर्षं पुढे ओढता येतो, आणि उद्या होम लोनला बँक हेच रिटर्न मागते. पर्सनल लोन काढून मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, भरायचं नाही, यावर माझ्याशी वादसुद्धा घालू नको.

गेल्या वर्षभराचं ब्रोकरचं टॅक्स पी अँड एल (नफा-तोट्याचं) स्टेटमेंट मला पाठव, चार्जेस धरून असलेलं, नफ्याचे स्क्रीनशॉट नकोत. दोन वर्षांचा घरखर्च वेगळा काढून उरलेलं भांडवल किती तेही लिही. गणपतीला येशील तेव्हा समोर बसून एकेक सौदा बघू, आणि तोपर्यंत मॅनेजरला काही बोलू नको.

तुझा,
काका