दादाच्या वह्या, तीन परीक्षा आणि बदललेला सिलॅबस

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा सीबीएसईतून दहावी झाला, आता ठाण्यात स्टेट बोर्डाच्या कॉलेजात अकरावीला आहे, विषय पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी. मेडिकलसाठीची नीट द्यायचीच आहे, इंजिनिअरिंग-फार्मसीसाठीची राज्याची सीईटीही हाताशी हवी. चुलतभाऊ २०१९ ला सीबीएसईतून बारावी झाला, त्याच्या वह्या आणि एनसीईआरटीचा, म्हणजे सीबीएसईच्या पुस्तकांचा, संच कळव्याहून रिक्षात घालून आणलात. आता क्लासवाले म्हणतात 'एनसीईआरटी सोडून काही वाचू नकोस', कॉलेज म्हणतं 'बालभारती', आणि मुलगा म्हणतो 'आई, दादाच्या वहीतले काही धडे कुठल्याच नव्या पुस्तकात नाहीत.'

मुलगा बरोबर बोलतोय. नौपाड्यात गेली वीस-बावीस वर्षं मी केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेतोय, आणि यात मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय. २०२० मध्ये स्टेट बोर्डाचं बारावीचं नवं पुस्तक आलं. लॉकडाऊन होता, सगळं ऑनलाइन. माझ्या तयार नोट्स होत्याच, त्या पाठवून दिल्या. धातू कसे काढतात तो अख्खा धडा, वर नायट्रोजन-फॉस्फरसचा ग्रुप १५, असं पोरांनी तीन आठवडे घोकलं. एका मुलीने पुस्तकाची अनुक्रमणिका व्हॉट्सअॅपवर टाकून विचारलं, 'सर, हे कुठे आहे?' धातूंचा धडा गेला होता, ग्रुप १५ अकरावीत सरकला होता, आणि आयॉनिक इक्विलिब्रिया नव्याने बारावीत येऊन बसला होता, ज्याच्या नोट्स माझ्याकडे नव्हत्या. तेव्हापासून मी आधी अनुक्रमणिका उघडतो, मग वही.

आता तुमच्या घरातला गोंधळ. एनसीईआरटीने २०२२ मध्ये पुस्तकं छाटली. बारावी केमिस्ट्रीचे १६ धडे होते, १० उरले. सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पी-ब्लॉक (ग्रुप १३ ते १८ ची मूलद्रव्यं), पॉलिमर्स गेले. पाठोपाठ २०२४ च्या नीटचा सिलॅबसही बदलला. आमच्या स्टेट बोर्डाच्या पुस्तकात मात्र सॉलिड स्टेट पहिलाच धडा आहे, पॉलिमरही आहे. सीईटी स्टेट बोर्डावर बेतलेली, साधारण ८० टक्के बारावी आणि २० टक्के निवडक अकरावी. म्हणजे सॉलिड स्टेट बोर्डाला लागतं, सीईटीला लागतं, नीटला लागत नाही. क्लासमध्ये 'ते सोड' म्हणतात ते नीटपुरतं खरं आहे. मुलांना ते सगळीकडेच खरं वाटतं, तिथे घात होतो.

पी-ब्लॉकची गंमत याच्या उलट. नव्या एनसीईआरटीत तो धडाच नाही, पण नीटच्या सिलॅबसमध्ये ग्रुप १३ ते १८ आहेत. 'फक्त नवी एनसीईआरटी' वाचणारा इथे कोरा राहतो. तुमच्याकडे दोन सोयी आहेत. स्टेट बोर्डाच्या अकरावीत १३, १४, १५ आणि बारावीत १६, १७, १८ असे सगळे ग्रुप येतात. शिवाय दादाचं जुनं पुस्तक आहेच, ते रद्दीत घालू नका. मात्र नीटसाठी ट्रेंड्स, म्हणजे ग्रुपमध्ये गुणधर्म कसे बदलत जातात ते, पक्के कळायला हवेत, एकेका संयुगाची कृती पाठ करत बसायची गरज नाही. बोर्डाच्या पेपरसाठी ती कृती लिहावी लागते. धडा तोच असला तरी दोन परीक्षांसाठी दोन तऱ्हांनी वाचावा लागतो.

फिजिक्समध्ये धडे फारसे हरवत नाहीत, वर्ष बदलतं. थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड्स, ऑसिलेशन्स एनसीईआरटीत अकरावीला आहेत, स्टेट बोर्डात बारावीला. बायोलॉजीतही तसंच: श्वसन, रक्ताभिसरण, मज्जासंस्था क्लासमध्ये अकरावीला होतील, कॉलेजात बारावीला. मुलगा बारावीत म्हणेल 'झालंय माझं', आणि बोर्डाच्या पुस्तकातली व्याख्या, आकृती बघणारच नाही. शिक्षणखात्याला का बोल लावा, आपल्याच घरात हे होतं. बायोलॉजीत आणखी एक: वनस्पतींतलं पाणी आणि मिनरल न्यूट्रिशन नीटमधून गेलंय, बोर्डात आहे.

म्हणून एकच काम सांगतो, दोन संध्याकाळींचं. एक लांब वही घ्या. पहिल्या रकान्यात बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या धड्यांची नावं. पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात, छापील नसली तरी अडत नाही. मग तीन रकाने: बोर्ड, सीईटी, नीट. नीटचा सिलॅबस एनएमसीचा (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा) आणि सीईटीचा सीईटी सेलचा, दोन्ही त्या त्या वर्षीचे समोर ठेवून टिक करा. क्लासने दिलेला छापील कागद समोर ठेवू नका. आणि हे मुलाने स्वतः करायचं, तुम्ही चहा द्या. मोठ्या माणसाने भरून दिलेला तक्ता कपाटावर चिकटतो आणि तिथेच राहतो.

तक्ता भरला की दिसेल, सोल्यूशन्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, कायनेटिक्स, कोऑर्डिनेशन आणि जवळपास सगळं ऑरगॅनिक तिन्हीकडे आहे. वेळ तिथे घाला. एक-दोनच रकान्यांत टिक असलेले धडे त्या परीक्षेच्या आधी महिना-दीड महिना राखून ठेवा. ग्रीन केमिस्ट्री आत्ता जूनमध्ये वाचली तर फेब्रुवारीपर्यंत विसरेल.

जुने पेपर कुठले सोडवायचे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण चूक तिथे हमखास होते. स्टेट बोर्डाची २०२० ची परीक्षा जुन्या पुस्तकावर झाली. २०२१ ची रद्द झाली. २०२२ ची ७५ टक्के सिलॅबसवर झाली, म्हणून 'कुठल्या धड्याला किती मार्क' हे त्यावरून काढू नका. २०२३ पासून पूर्ण सिलॅबस आहे, तिथून पुढचे धरा. कोविडच्या काळातली 'वगळलेले धडे' अशी पीडीएफ अजून ठाण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरते. दिसली की डिलीट करा.

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या बोर्डाच्या पेपरात ७० मार्क लिहायचे असतात, पण छापलेले प्रश्न ९८ मार्कांचे. दोन मार्कांचे १२ पैकी ८, तीनचे १२ पैकी ८, चारचे ५ पैकी ३. यावरून मुलं हिशोब करतात की दोन-तीन धडे सोडले तरी चालतील. बोर्डापुरतं कदाचित चालेलही. पण सोडलेला धडा सीईटीच्या प्रश्नांत भेटतो, आणि तिथे ऑप्शन नसतो. निगेटिव्ह मार्किंग सीईटीत नाही, नीटमध्ये चुकलं की एक जातो. त्यामुळे 'अंदाजाने ठोकून देतो' ही सवय दोन्हीकडे सारखी लावू नका.

सीबीएसईतून येणाऱ्या मुलांची एक जागा ठरलेली अडते: लॉग टेबल. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि आमच्याकडे पीएचचं गणित लॉगशिवाय सुटत नाही. मुलाने कधी हात लावला नसेल तर दिवाळीच्या सुट्टीत रोज पाच गणितं करून घ्या. बारावीत शिकायला वेळ मिळत नाही.

दादाच्या वह्या: ऑरगॅनिकच्या ठेवा, त्यातली रिअॅक्शन काही बदललेली नाही. बायोलॉजीच्या वहीत मागे नीटचे प्रश्न असतील तर त्याही ठेवा, पण तक्त्याशी ताडून काट मारून घ्या. पहिल्या पानावर 'इम्पॉर्टंट' म्हणून जी यादी असेल ती फाडून टाकली तरी दादाला राग येणार नाही, त्याची परीक्षा वेगळी होती.

तक्ता झाला की इथे फोटो टाका. सीईटीचा अकरावीचा रकाना मी एकदा बघून देतो, तिथेच जास्त चुका होतात.