पोटरीतली गाठ आणि एकरकमी पॅकेज

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. अकरा वर्षांच्या मुलीच्या पोटरीच्या स्नायूत व्हीनस मालफॉर्मेशन आहे, म्हणजे शिरांचा जन्मजात गुंता. एका ठिकाणी शस्त्रक्रियेचं ₹4,25,000 चं पॅकेज सांगितलंय, महिनाअखेरीआधी सगळे भरले तर 40,000 सूट. दुसरीकडे स्क्लेरोथेरपी, दर वेळी 75,000. हाताशी 6 लाखांची एफडी, सुकन्या खातं, 16 तोळे सोनं आणि यजमानांच्या कंपनीचा ग्रुप विमा. महिन्याला 25,000 शिल्लक पडतात. सोनं मोडून पॅकेज भरावं का?

ताई, भरू नका. सूट गेली तर जाऊ द्या.

कोणता उपचार हे डॉक्टरच ठरवतील, पण पैशाचं गणित त्यावरच उभं राहतं, म्हणून एवढं समजून घ्या. गाठ लहान आणि कडा स्पष्ट असतील तर ती कापून निघू शकते. स्नायूत पसरलेली असेल तर रक्तस्राव जास्त होतो, थोडा भाग मागे राहू शकतो आणि तो पुन्हा फुगू शकतो, बहुतेकदा वयात येताना. तेव्हा पॅकेज संपलेलं असतं, खर्च मात्र नव्यानं सुरू होतो. स्क्लेरोथेरपीत सुईनं औषध सोडून शीर आतून बंद करतात. तिथेही सहसा एका वेळेत काम होत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या अंतरानं तीन-चार किंवा जास्त वेळा जावं लागतं, आणि काही वर्षांनी पुन्हाही. त्यामुळे हा एकदाचा खर्च धरू नका, हप्त्याहप्त्यानं येणारा धरा. एमआरआयची सीडी घेऊन इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडे (स्कॅनच्या चित्रावर बघत सुईनं असे उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे) जा आणि शस्त्रक्रियेनंतर किती भाग उरेल, हे दोन्ही डॉक्टरांकडून लेखी घ्या. गाठीत धमनीचा वेगवान प्रवाह नाही, हे डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, पक्कं झालेलं असू द्या. तसा प्रवाह असेल तर उपचार वेगळा, खर्चही वेगळा.

स्क्लेरोथेरपी पाच वेळा धरली तर 3,75,000 होतात. एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तसे पैसे उचला. बँका साधारण 90 टक्क्यांपर्यंत देतात, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही उचललेल्या रकमेवरच. दर दोन महिन्यांनी 75,000 उचला, महिन्याला 25,000 भरत राहा. पाचव्या वेळेनंतर देणं 1,75,000 उरतं, ते पुढच्या सात महिन्यांत फिटतं. 8 टक्के दर धरला तर सगळं व्याज दहा हजारांच्या आसपास जातं, आणि एफडीचं व्याज तर चालूच असतं. सोनं कपाटातच राहू द्या. सुकन्या खात्याचा विचारच नको. जीवघेण्या आजारात ते मुदतीआधी बंद करता येतं, पण हा आजार त्यात बसणं कठीण आहे.

आता विमा, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे अडकतात. पॉलिसीत जन्मजात दोषाचे दोन प्रकार असतात: बाह्य, म्हणजे शरीराच्या दिसणाऱ्या, हात पोचणाऱ्या भागावरचा, आणि आंतरिक. बाह्य दोष पुष्कळ पॉलिसी वगळतात. पोटरीला फुगवटा दिसतो म्हणून दाव्यावर ‘बाह्य’ असा शेरा पडू शकतो. स्नायूतली गाठ किती खोल आहे, हे एमआरआयमध्ये आहे तसंच केसपेपरवर आणि डिस्चार्ज समरीवर नेमकं लिहून मागा. खोटं काही लिहायचं नाही, मोघमही नाही. कंपनीच्या एचआरकडून पूर्ण पॉलिसी मागवा. पहिल्या दिवसापासून जुने आजार धरलेत का, बाह्य दोष धरलाय का, खोलीभाड्याची मर्यादा किती, एवढं तपासा. चोवीस तासांच्या आत घरी सोडलं म्हणून दावा नाकारत असतील, तर भूल देऊन केलेली प्रक्रिया ‘डे-केअर’मध्ये बसते का ते विचारा. एमआरआय दाखल होण्याआधीच्या 30 दिवसांत झाला असेल, तर त्याचं बिलही सहसा दाव्यात घालता येतं. पायाला घालायचे कॉम्प्रेशन मोजे (पायावर दाब देणारे घट्ट मोजे) मात्र सहसा खिशातूनच घ्यावे लागतात.

यजमानांनी नोकरी बदलायच्या आधी नव्या कंपनीची पॉलिसी वाचून घ्यावी. मुलीसाठी वेगळी पॉलिसी घेतलीत तर हा आजार अर्जात लिहा, मग प्रतीक्षाकाळ, म्हणजे या आजाराचा दावा मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त 36 महिन्यांचा. लपवला तर पुढे दावाच नाकारतात. करसवलतीचं कोणी सांगितलं असेल तर ऐकू नका. ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर आयकरात वजावट देणाऱ्या 80डीडीबीच्या यादीत हा आजार नाही.

पहिल्या उपचाराच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी, विमा कंपनीच्या पॅनलवरच्या रुग्णालयातून कॅशलेसची पूर्वमंजुरी मागा. ती नाकारली तर कारण लेखी घ्या आणि मगच ओव्हरड्राफ्टचे पहिले 75,000 उचला.